आधी वाटप, मग भिंत

(उंब्रज येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तलावाच्या नियोजनात गावानं कसं सामील व्हावं, हा विषय मी तुमच्यापुढं आणला आहे. तुमच्यातल्या काहींच्या मनात आलंच असेल की आम्हाला हे कशाला? तारळी इथं कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे, आणि त्या मारुतीनं पाणी आटलेलं क्वचितच पाहिलं असेल. पण मसूरवरून पूर्वेचा रस्ता धरा. पुसेसावळी मागं पडली की उसाचा हिरवा रंग विरळ होतो, मायणीच्या बाजूला पोचेपर्यंत माळ सुरू होतो, आणि त्या माळावर गावोगाव एक तरी तलाव दिसतो. जूनमध्ये बहुतेकांच्या तळाला भेगा असतात. तिकडचा माणूस तुमच्याशी एका धाग्यानं बांधलेला आहे. तुमच्या संगमावरून पुढं गेलेलं पाणी कराडजवळ टेंभूला उचललं जातं आणि खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडं जातं. कृष्णाकाठानं त्या तलावांबद्दल बोलायला हवं ते यासाठी.

मी सुरुवात माझ्या एका चुकीनं करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका छोट्या तलावाच्या दुरुस्तीचा आराखडा माझ्याकडं आला होता. पाळ मजबूत करायची, सांडव्याची भिंत नीट करायची आणि बुडीत क्षेत्रात अतिक्रमण होऊ नये म्हणून कडेनं सलग चर खोदायचा. चावडीवर बैठक घेतली. पंधरा-वीस पुरुष आले. मी नकाशा उलगडला, अर्धा तास बोललो आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? कुणी बोललं नाही. इतिवृत्तात लिहिलं, ‘ग्रामस्थांची हरकत नाही.’ सह्या झाल्या, चहा झाला.

चर निम्मा खणून झाल्यावर एक धनगर आजी पाळीवर आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सायेब, मेंढरं पान्याला कुठनं उतरवायची?’’

माझ्या नकाशात मेंढरांची वाट नव्हती. ती वाट शंभर वर्षं वापरातली असेल, पण सातबाऱ्यावर नाही, गटनकाशावर नाही, आणि चावडीच्या बैठकीला ज्यांना दवंडी पोचते त्यांच्यात त्या आजी नव्हत्या. आम्ही तिथला चर बुजवला, ते सोपं होतं. त्या आजी त्या दिवशी आल्या नसत्या तर मला आयुष्यात कळलं नसतं, हे मात्र अजून मनातून जात नाही. चावडीवरच्या ज्या शांततेला मी संमती समजलो होतो, ती नुसती शांतता होती.

आपल्या भागातले कितीतरी पाझर तलाव कुणी बांधले? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, घमेली वाहणाऱ्या, दुपारी सुकडीवर दिवस काढणाऱ्या बायाबापड्यांनी. रोजगार हमीची कल्पना याच मुलखातली. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि पहिला प्रयोग १९६५ साली तिथंच झाला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क आहे, असं म्हणणारी ती योजना देशाच्या रोजगार हमी कायद्याची आजी ठरली. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण तलाव झाला, मजुरी मिळाली, हजेरीपत्रक बंद झालं आणि ज्यांनी माती वाहिली त्यांचा त्या पाण्याशी संबंध संपला. पाणी पाझरून गेलं ते खालच्या अंगाला ज्याची विहीर होती त्याच्या विहिरीत. माती वाहणाऱ्या कितीजणींच्या घरी विहीर होती? भिंत आधी झाली आणि वाटपाचा विचार कधी झालाच नाही. आजवरच्या बहुतेक तलावांची कहाणी हीच आहे, आणि ‘लोकसहभाग’ हा शब्द आपण ज्या सहजतेनं वापरतो त्याची मला त्यामुळंच चीड येते. लोकांना खोदायला बोलावणं म्हणजे श्रमदान. त्याला सहभाग म्हणायचं तर वाट्याचा निर्णय त्यांच्यासमोर आणि त्यांच्याकडून व्हायला हवा.

हा क्रम उलटा करून दाखवणारं काम इथून लांब नाही. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, तिथला माळ उतरत सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिच्या काठावर खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं आहेत. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या भागातले हजारो गिरणी कामगार गावाकडं परतले. गावात काय होतं? दुष्काळ. रोजगार हमीचं काम, तेही मिळालं तर. या परतलेल्या कामगारांना संघटना कशी चालते ते माहीत होतं. त्यांनी आणि गावच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या झेंड्याखाली एक साधा प्रश्न विचारला. आम्ही दरवर्षी खडी फोडतो, तरी दुष्काळ हटत का नाही?

उत्तर शोधायला ते नदीकडं गेले, आणि तिथं ट्रक दिसले. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू म्हणजे नदीची गोधडी. पाणी तिच्यात मुरून राहतं, उन्हापासून वाचतं आणि काठच्या विहिरींना हळूहळू मिळत राहतं. वाळू गेली की नदी पावसाळ्यात धावते आणि दिवाळीत कोरडी पडते. हे काठच्या प्रत्येक बाईला माहीत होतं, कारण झरा किती खोल गेला हे तिच्या हाताला कळत होतं. गावकऱ्यांनी ट्रक अडवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी म्हटलं, वाळू विकायचीच असेल तर थोडी, बेतानं, आम्ही विकू, आणि त्या पैशातून आमचं धरण आम्ही बांधू. डॉ. भारत पाटणकर, बलवडीचे भाई संपतराव पवार, कासेगावला घर करून राहिलेल्या गेल ऑम्वेट, अशी माणसं त्यांच्याबरोबर होती. अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. शहरांतून विद्यार्थी आले आणि काठच्या घरांत राहून त्यांनी दगड वाहिले. सरकारचं म्हणणं होतं की वाळू महसुलाची, नदी सरकारची, आणि असं धरण कोणत्याच नियमात बसत नाही. परवानगीसाठी काही वर्षं झुंजावं लागलं. धरणाला नाव दिलं बळीराजा.

या नावाचा संबंध लांब जातो. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं, म्हणजे याच पट्ट्यातलं. बळीराजाची आठवण महाराष्ट्राच्या विचारात रुजवली ती त्यांनी. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून पाणी आणि माती अडवायची सूचना सरकारला केली तीही त्यांनीच. शंभर वर्षांनी त्यांच्या मुलखाच्या नदीवर लोकांनी ती स्वतः अमलात आणली.

बलवडीची खरी शिकवण मला भिंतीत दिसत नाही. भिंत उभी राहण्याआधी लोकांनी एकत्र बसून पाणी वाटून घेतलं. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घराच्या मापानं मिळेल. ज्याच्याकडं जमीन नाही त्याचाही हिस्सा राहील. सगळं पाणी उसाला जाणार नाही. कागदावर असलेल्या पाण्याचं भांडण कागदावरच मिटवलं. आता विचार करा, हे भिंत झाल्यावर शक्य झालं असतं का? पाणी एकदा एखाद्याच्या मोटरीला लागलं, त्यानं पाइपलाइन टाकली, सोसायटीचं कर्ज काढलं, ऊस उभा केला, की त्याच्याकडून घोटभर पाणी परत मागणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणं होतं. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. त्याचं सगळं त्यात गुंतलेलं असतं. भिंतीआधी मात्र सगळ्यांच्या हाती सारखंच शून्य असतं, आणि तेवढ्याच थोड्या दिवसांत माणसं मोकळेपणानं न्यायाचं बोलू शकतात.

पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून हेच दुसऱ्या वाटेनं केलं होतं. ते स्वतः अभियंता आणि कारखानदार. ७२ चा दुष्काळ पाहून माळावर आले ते तिथलेच झाले. पाणी पंचायतीचे नियम आज वाचले तरी ताजे वाटतात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस नाही. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभा करायचा. या शेवटच्या अटीवर बरेच लोक नाराज होतात. गरिबाकडून पैसे का घ्यायचे, असं म्हणतात. मला ती अट योग्य वाटते. ज्यानं पैसे भरले तो बैठकीत बोलतो, हिशेब मागतो आणि मोरीची चावी कुणाकडं आहे ते विचारतो.

आता कायद्याकडं येऊ. २००५ मध्ये महाराष्ट्रानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. त्याआधीपासून नाशिक जिल्ह्यात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं वाघाड धरणाखाली पाणीवापर संस्था उभ्या केल्या होत्या. बापूसाहेब उपाध्ये यांचं ते काम, आणि त्यातून संपूर्ण प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था वाटू लागल्या. कायद्यात एक मोठी चांगली गोष्ट आहे. संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या भागातून सारखे प्रतिनिधी यावे लागतात. शेपटाकडच्या शेतकऱ्यानं आयुष्यभर जे सोसलं त्याची ही दखल आहे. पण सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन कसणारा. म्हणजे माझ्या त्या धनगर आजी पुन्हा बाहेरच. मासेमारी करणारा भोई बाहेर. धुणं धुणारी बाहेर. मजुरी करणारी, जिनं कदाचित ती पाळ घमेल्यानं उभी केली, तीही बाहेरच राहिली.

मायणीचं उदाहरण घ्या. मायणी आणि परिसरातल्या तलावांवर हिवाळ्यात चक्रवाक येतात, पट्टकादंब हंस येतात आणि पाणी उथळ झालं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. लांबून माणसं पाहायला येतात. २०२१ मध्ये शासनानं हे क्षेत्र पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. वन्यजीव कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार असं क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते आणि त्याच्या व्यवस्थापनासाठी समिती असते. समितीत कोण? वन खात्याचा प्रतिनिधी, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येतं तिचा प्रत्येकी एक, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचा एकेक. चांगली यादी आहे. पण ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी गावातल्या कुणाचं बोलणं घेऊन जाणार? तलावावर जाणारा नि न जाणारा, दोघंही त्याचे मतदार आहेत.

इथं एक गुंतागुंत आहे, जरा थांबून ती पाहायला हवी. आपल्याकडं तलावाचं पाणी ओसरत जातं तशी ओल धरून असलेली काळी जमीन उघडी पडते आणि तिच्यात हरभरा, ज्वारी, काकडी-कलिंगड पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी जसं मागं सरकतं तसा पेरणारा पुढं सरकतो. त्याच ओल्या कडेला चिखलात पक्षी चरतात, तिथंच मेंढरं बसतात. म्हणजे तलाव हळूहळू आटण्यावर कितीतरी जिवांचं पोट चालतं. आता नदीचं पाणी उचलून हे तलाव भरायच्या योजना होत आहेत. माणदेशानं पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली ते पाणी आलं तर डोळ्यांत आनंदाश्रूच येतील. १९९३ पासून आटपाडीच्या परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडींनी समन्यायी पाणीवाटपासाठी रान उठवलं ते याचसाठी. पण तलाव बारा महिने काठोकाठ भरला तर गाळपेर कुठं करायची? पाणी खोल राहिलं तर रोहित कुठं उभे राहणार? तहान आधी की पक्षी आधी, असा हा प्रश्न नाही. पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात किती ठेवायची, हा आहे. फेब्रुवारीत पातळी थोडी उतरवली तर शेतकऱ्याला पाळी मिळते, गाळपेरीला जमीन मिळते आणि पक्ष्यांना चिखल. पण हा आकडा ठरवायला पाटकरी, गाळपेर करणारा, भोई, मेंढपाळ आणि पक्षी मोजणारा एकाच चटईवर बसायला हवेत. एरवी प्रत्येक खातं आपापल्या रकान्यापुरतं पाहतं. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनाचा तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा दुसऱ्या खात्याचा, मासळीचा ठेका तिसऱ्याचा, पक्षी चौथ्याचे आणि पिण्याचं पाणी पाचव्याचं.

ज्यांना आपण विचारत नाही त्यांच्याकडं किती ज्ञान असतं, हे पाहायचं तर भंडारा-गोंदियाला जावं. तिथले जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजानं बांधले आणि ढिवर समाज त्यांत मासेमारी करत आला. तलावांत बेशरम या झुडपाचं रान माजलं, मासळी घटली, तेव्हा मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांनाच विचारलं की कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो. उत्तरं निघाली ती अनुभवातून, पिढ्यांच्या. मग उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावल्या गेल्या, बायका या कामात पुढं आल्या, आणि मासळीबरोबर पक्षीही परतले.

बायकांचा विषय निघाला म्हणून जपानची एक गोष्ट सांगतो. बीवा हे त्यांचं सर्वांत मोठं सरोवर. १९७७ साली त्याचं पाणी तांबूस झालं, शेवाळासारखे सूक्ष्म जीव माजले आणि दुर्गंधी सुटली. कारणांत एक होतं घराघरांतली कपडे धुण्याची पावडर, तिच्यातलं फॉस्फरस. ज्या हातांनी कपडे धुतले जात होते त्या गृहिणींनीच मोहीम काढली. पावडर सोडायची आणि साधा साबण वापरायचा. १९७९ मध्ये तिथल्या शिगा प्रांतानं फॉस्फरसवाल्या पावडरींवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्याकडं तलावाच्या बैठकीला बायका दाराशी उभ्या असतात, पदर सावरत, आणि आपण समजतो की त्यांचा विषय नाही.

गाळाचंही तसंच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतला गाळ निघतो आहे. काम चांगलं आहे. पण गाळ नेतो कोण? ज्याच्याकडं ट्रॅक्टर, ज्याच्या रानापर्यंत रस्ता, तो. दोन एकर कोरडवाहू असलेल्या विधवेच्या बांधावर एक तरी खेप पडेल असं आधी ठरवलं तर पडते. न ठरवता कधीच पडत नाही.

आता तुम्ही विचाराल, करायचं काय? मी अनेक बैठकांत बसलो आहे, चुका केल्या आहेत, त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. तलावाची पहिली बैठक चावडीत घेऊ नये, मंदिरातही नको. मे महिन्यात, संध्याकाळी, तलावाच्या कोरड्या पात्रात घ्यावी. तिथं भिंत मोकळी दिसते, मोरी कुठं गळते ते दिसतं, आणि तिथं जायला कुणाला उंबरा ओलांडावा लागत नाही. बैठकीआधी आठ दिवस दोन पोरांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काठावर बसून नोंद करावी, कोण येतं, कशासाठी येतं. त्या वहीत ज्यांची नावं येतील त्या सगळ्यांना घरी जाऊन बोलावणं करावं. गावाबाहेर पालं टाकलेली असतील तर तिथंही जावं.

चांगल्या पावसाचं वाटप कुणीही करतं. बैठकीत आधी वाईट वर्षाचं बोलावं. तलाव पाव भरला तर काय बंद करायचं आणि कोणत्या क्रमानं, हे त्या दिवशी लिहून ठेवावं. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात, पोपटराव पवारांनी ती सवय गावाला लावली. आपल्या तलावांना ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. कोजागरीच्या सुमाराला पाळीवर उभं राहून मोजपट्टी वाचायची, आणि ग्रामसभेत तो आकडा सांगायचा.

आणि इतिवृत्त त्याच संध्याकाळी, माणसं उठायच्या आत, मोठ्यानं वाचून दाखवावं. जे बोललं गेलं ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. ‘ग्रामस्थांची हरकत नाही’ हे वाक्य मी आता कुठल्याच कागदावर लिहीत नाही.

माझं बोलणं झालं. संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे. मघापासून मागच्या बाजूला, चपला काढल्या आहेत तिथं, काही बाया उभ्या राहून ऐकत आहेत. त्यांना पुढं बसायला जागा द्या, आणि पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ.